सहा हजार व्होल्टची चाळण

लाउडस्पीकर म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मांडवाच्या खांबाला बांधलेला कर्णा येतो. कर्णा हा ऐकण्यासाठी नसून ऐकवण्यासाठी असतो. तेव्हा स्वतः मागे राहून गाणाऱ्याला पुढे करणारा लाउडस्पीकर एका इंग्रज गृहस्थाने केला, यावर मराठी माणसाचा चटकन विश्वास बसत नाही. माझाही बसेना. पण इंग्लंडात स्थायिक झालेल्या आमच्या भावोजींकडे त्या वंशातली एक जुनी जोडी आहे, आणि तिची देखभाल हाच त्यांचा निवृत्तीनंतरचा पूर्णवेळ उद्योग आहे.

गृहस्थाचं नाव पीटर वॉकर. त्यांनी १९३६ साली लंडनला कंपनी काढली. युद्धात बॉम्ब पडले आणि १९४१ साली बिऱ्हाड हंटिंग्डनला हललं. तिथूनच १९५७ साली ‘क्वाड इलेक्ट्रोस्टॅटिक’ बाजारात आला. कल्पना जुनी, १९२०च्या दशकापासून लोक तिच्या मागे लागलेले. पण पूर्ण पल्ल्याचा स्पीकर करून घरोघरी नांदवला तो वॉकरसाहेबांनी.

यात लोहचुंबक नाही, कागदी कोन नाही, खोकंही नाही. भोकं पाडलेल्या दोन पट्ट्या, अगदी चाळणीसारख्या, आणि मधोमध केसाहून कितीतरी पातळ असा प्लॅस्टिकचा ताणलेला पडदा. पडद्यावर विजेचा भार, पट्ट्यांवर गाण्याचा चढउतार. एक पट्टी ओढते, दुसरी ढकलते, पडदा हलतो आणि हवा गाऊ लागते. मेख अशी, की पडद्यावरच्या लेपातून वीज मुद्दामच जेमतेम वाहते. भार जागचा हलत नाही म्हणून सूर वेडावाकडा होत नाही. शिवाय पडदा इतका हलका, की गाणारा थांबला की तोही थांबतो. आमच्याकडच्या कित्येक वक्त्यांना हे अजून जमलेलं नाही.

दोष दोन. पहिला रूपाचा : तो हुबेहूब खोली तापवायच्या हीटरसारखा दिसतो. ताईकडे आलेले पाहुणे हटकून त्याच्यापुढे हात शेकत उभे राहतात. दुसरा स्वभावाचा : वरचे सूर टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात, त्यामुळे खरं गाणं एकाच खुर्चीवर ऐकू येतं. ती खुर्ची अर्थातच भावोजींची.

आता दुरुस्ती. खर्जाच्या पडद्यांना सुमारे सहा हजार व्होल्ट लागतात, मधल्या तारसप्तकाच्या पडद्याला दीड हजार. ते पुरवणारा भाग वयोमानाने थकतो. भाराकडे धूळही ओढली जाते. आवाज वर्षानुवर्षं इतका हळूहळू उतरतो, की मालकाला वाटतं आपले कानच गेले. भावोजींनाही तसंच वाटलं. जन्मभर गाण्यावर जगलेला माणूस. महिनाभर कुणाशी धड बोलला नाही.

मग एके दिवशी त्यांनी प्लग काढला, साठलेली वीज उतरवली (हे विसरणाऱ्याला दुसरी दुरुस्ती करायची वेळ येत नाही) आणि स्पीकर उघडला. पडदा ताणणं हे तबला लावण्याइतकंच नाजूक. सैल राहिला तर पट्टीला चिकटतो, फार ताणला तर खर्ज आखडतो. मी जवळ बसून धीर दिला. तांत्रिक साहाय्य म्हणतात ते हेच.

‘एवीतेवी उघडलाच आहे, तर सुधारून घ्या,’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. पण हा स्पीकर १५ वॅटच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरच्या जमान्यातला. दांडगा अ‍ॅम्प्लिफायर जोडला की मधल्या पडद्यात ठिणगी पडते आणि भोक पडतं. १९७०च्या दशकात अमेरिकेत मार्क लेव्हिन्सनने तर एकावर एक असे चार क्वाड रचले, वर दोन फुटी खर्जाचे स्पीकर जोडले. खुद्द वॉकरसाहेबांनी सुधारणेला १९६३ साली हात घातला आणि नवा स्पीकर १९८१ साली विकायला काढला. भावोजींनी यातून बोध घेतला. जादा वीज आली तर अडवणारं एक छोटं सर्किट बसवलं, बाकी होतं तसं ठेवलं.

जुनी तबकडी लागली. आधी तानपुरा भरला, मग गवयाने सूर लावण्याआधी घेतलेला श्वास स्पष्ट ऐकू आला. भावोजींनी चष्मा काढून पुसला. कान शाबूत होते.

“छान झालं,” ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, “म्हणजे आता मी मारलेल्या हाकाही ऐकू येतील!”