चौगुले, फडेप्पा दरेप्पा

तत्कालीन मुंबई इलाख्यातील बेळगावचे दीर्घ पल्ल्याचे धावपटू. ऑलिंपिकच्या दप्तरी हिंदुस्थानचे नाव प्रथम लागले ते कलकत्त्यास जन्मलेल्या नॉर्मन प्रिचर्डमुळे. १९०० साली पॅरिस येथे २०० मीटर धावणे व २०० मीटर अडथळ्यांची शर्यत या दोहोंत तो दुसरा आला, परंतु त्याच्या पाठीशी येथील कोणतीही निवडसमिती नव्हती. रीतसर निवड होऊन संघ रवाना झाला तो वीस वर्षांनी, आणि त्या उपक्रमाचा उगम पुण्यात झाला.

डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांचे अध्यक्षपद भूषविताना सर दोराबजी टाटा यांच्या असे ध्यानात आले की, ज्यांचा आहार बेताचा, ज्यांना शास्त्रोक्त शिक्षणाची वार्ताही नाही आणि जी खडबडीत जमिनीवर अनवाणी धावतात, अशा शेतकऱ्यांच्या मुलांच्या वेळा युरोपीय धावपटूंच्या तुलनेत उपेक्षणीय नाहीत. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या साहाय्याने ऑलिंपिकमध्ये प्रवेशाची परवानगी मिळविण्यात आली, टाटांनी पदरची रक्कम घातली, आणि चौगुले, सदाशिव दातार, कैकिणी व पूर्मा बॅनर्जी हे धावपटू व नवले आणि शिंदे हे मल्ल अशा सहा जणांनी मुंबई बंदरातून इंग्लंडमार्गे अँटवर्पकडे प्रयाण केले.

२२ ऑगस्ट १९२० रोजी झालेल्या मॅरेथॉनचे अंतर ४२.७५ किलोमीटर, म्हणजे आजच्या प्रमाण अंतराहून सुमारे ५५५ मीटर अधिक होते. इतक्या लांब पल्ल्याची मॅरेथॉन दुसऱ्या कोणत्याही ऑलिंपिकमध्ये झालेली नाही. फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत पहिला आला. दातारांना शर्यत अर्ध्यावर सोडावी लागली. चौगुले मात्र २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांत एकोणिसावे आले. दर किलोमीटरला जेमतेम चार मिनिटे हा त्यांचा वेग हल्लीच्या अंतरास लावला, तर वेळ सुमारे दोन तास साडेअठ्ठेचाळीस मिनिटे भरते. डांबरी सडकेचा व परक्या हवेचा पूर्वानुभव नसलेल्या माणसाची ही कामगिरी केवळ क्रमांकावरून जोखणे प्रस्तुत लेखकास न्याय्य वाटत नाही.

याच संघातील रणधीर शिंदे कुस्तीत चौथे आले. मराठी मुलखाला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक १९५२ साली हेलसिंकी येथे खाशाबा जाधव यांनी मिळवून दिले.