दामाजीपंतांचे कोठार आणि लोह्याचा सातबारा

दामाजीपंतांची कथा आपण कीर्तनात इतक्यांदा ऐकली आहे, की तिच्यातला सरकारी व्यवहार ध्यानातच राहत नाही. मंगळवेढ्याचे ठाणे, बेदरच्या बादशहाचा अंमल, दुष्काळ पडलेला आणि कोठारातले धान्य सरकारचे. पंतांनी ते परवानगीवाचून वाटले. मग देवाने विठू महार होऊन बेदरला रक्कम भरली आणि पावती घेतली. महिपतीबोवांच्या १७६२ सालच्या भक्तविजयातही ही कथा आहे. आमचा लोहा-कंधारचा मुलूखही त्या काळी त्याच बहामनी अमलाखाली होता.

कोठारापाशी आलेल्याला पंतांनी 'जमीन कुणाच्या नावावर?' असे विचारले नाही. राज्यकर्त्यांची रीत मात्र निराळी. त्यांची मदत निघाली ती शेतसाऱ्यातून. पीक बुडाले की सारा तहकूब करायचा किंवा सूट द्यायची, आणि सूट मिळणार ती अर्थातच सारा भरणाऱ्या खातेदाराला. इंग्रजी मुलखात १८८३ व १८८४ च्या कायद्यांनी तगाई आली. तीही कर्जच, तुकोबांनी इंद्रायणीत सोडलेल्या खतांच्या अगदी उलट. आणेवारीची पैसेवारी झाली, तगाईचे अनुदान झाले; पण पंचनाम्याला येतो तो महसुलाचाच तलाठी आणि त्याच्या हाती असतो सातबारा.

२०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात नांदेड-लातूरकडे अतिवृष्टी झाली. सोयाबीन पाण्यात कुजले, नदीकाठची माती वाहून गेली. ७ ऑक्टोबरला राज्याने ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर केले. पीकनुकसानीचा दर कोरडवाहूला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकाला २२,५०० रुपये. एरवीची दोन हेक्टरांची मर्यादा तीन केली, शिवाय रब्बीच्या पेरणीसाठी हेक्टरी १०,००० जाहीर झाले. रक्कम पुरेशी का, यावर पारावर पुष्कळ बोलणे होते. मला त्याहून बटाईदाराचा प्रश्न टोचतो. बी-खतात पैसे त्याचेही गेले, राबला तर तोच. पैसे मात्र मालकाच्या खात्यावर पडतात.

याला केवळ मालकाचा लोभ कारण नाही. मराठवाड्यात १९५० चा हैदराबाद कूळकायदा आला आणि पुष्कळ कुळांना जमीन मिळाली. चांगलेच झाले. पण तेव्हापासून बटाई कागदावर आणायला मालक भितो. उद्या हा कूळ म्हणून उभा राहिला तर? म्हणून सगळे तोंडी. ज्या कायद्याने कालच्या कुळाला जमीन दिली, त्याच्याच धास्तीने आजचा बटाईदार यादीबाहेर राहिला.

१९७२ च्या दुष्काळात असे नव्हते. खडी फोडायला, पाझर तलावावर माती टाकायला जो येईल त्याला मजुरी मिळे. भूमिहीन बाया-माणसे त्यावर जगली. सुकडीची चव जुन्या माणसांना अजून आठवते. पण ती व्यवस्था कोरड्या दुष्काळाची. शेतात गुडघाभर पाणी असताना खडी कुठे फोडणार?

काही मालक आलेल्या अनुदानातला निम्मा वाटा बटाईदाराच्या हाती आपण होऊन ठेवतात. त्याची ना पावती, ना कुठल्या यादीत नोंद.