छत्तिसावे दालन

विद्या कोणाजवळ आहे, हे आपण नेहमी विचारतो. ती कोणापर्यंत पोहोचते, हे विचारायचे मात्र बहुधा राहून जाते. या दुसऱ्या प्रश्नाचा विचार आज आम्ही एका हाणामारीच्या चित्रपटाच्या आधाराने करणार आहोत. हाणामारीत कसला आला विचार, असे कोणी म्हणेल. पण सामान्य माणूस पदरचे पैसे मोडून जी कथा पुनःपुन्हा पाहतो, तिच्यात त्याची कसली तरी भूक दडलेली असते. इतिहासाच्या अभ्यासकाने तिच्याकडे पाठ फिरवू नये.

चित्रपट हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स कंपनीचा, 1978 सालचा. नाव 'द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन', म्हणजे शाओलिनचे छत्तिसावे दालन. दिग्दर्शक लाऊ कार-ल्युंग. नायकाचे काम करणाऱ्या लाऊ कार-फाय यांना जग गॉर्डन ल्यू या नावाने ओळखते. अमेरिकन पंडित जोसेफ कॅम्बेल यांनी 1949 साली असे मांडले होते की, देशोदेशींच्या वीरकथांचा सांगाडा एकच असतो. वीर घर सोडतो, कसोट्यांतून सामर्थ्य मिळवतो आणि ते घेऊन आपल्या माणसांत परततो. प्रस्थान, दीक्षा आणि पुनरागमन हे ते तीन टप्पे होत.

पहिला टप्पा थोडक्यात सांगता येतो. मांचूंनी 1644 साली बीजिंग घेतले आणि पुढे सारा चीन ताब्यात आणला. त्या अमलाखालच्या कँटनमध्ये एक विद्यार्थी बंडात सापडतो. जिवाभावाची माणसे मारली जातात, आणि तो जखमी अवस्थेत शाओलिनच्या मठात पोहोचतो. तेथे त्याचे नाव सान ते.

चित्रपटाचा खरा ऐवज आहे तो दीक्षेत. मठात शिक्षणाची 35 दालने. हा उतावीळ तरुण थेट सर्वांत वरच्या दालनात शिरतो आणि तेथून फेकला जातो. मग पहिल्यापासून आरंभ. जेवणघरात जायचे तर पाण्यावर तरंगत्या ओंडक्यांवरून. पाय चुकला की ओल्या अंगाने परत. पुढे पाण्याच्या बादल्या हात पसरून वाहायच्या. दंडांना पाती बांधलेली, हात खाली आले की ती कुशीत रुतणार. लांब जड दांड्याने घंटा वाजवायची ती केवळ मनगटाच्या बळावर. यात चमत्कार नाही, कोणा देवाचा वर नाही. एकच हालचाल हजारदा करून ती अंगात मुरवायची. सुताराने रंधा आणि विणकराने धोटा असाच आत्मसात केलेला असतो. म्हणूनच आम्हांला हे शिक्षण परके वाटले नाही.

सगळी दालने पार पडल्यावर त्याला हवे त्या दालनाचे प्रमुखपद देऊ करतात. तो ते न घेता 36 वे दालन मागतो, मठाबाहेरच्या सामान्य लोकांना शिकवण्यासाठी. मठाच्या नियमात हे बसत नाही. मठाधिपती त्याला शिक्षा म्हणून भिक्षा मागण्यास बाहेर पाठवतात. दिसायला शिक्षा, प्रत्यक्षात परवानगी! तो बाहेर जातो, शिष्य जमवतो, जुलमी सेनापतीला ठार करतो. पण चित्रपट तेथे संपत नाही. शेवटचे दृश्य आहे 36 व्या दालनाचे. तेथे साधी माणसे रांगेने उभी राहून शिकत आहेत.

आता इतिहास काय सांगतो? हेनान प्रांतात शाओलिन मठ खरोखरच आहे, आणि तेथील भिक्षूंनी 621 साली थांग राजपुत्राला युद्धात साहाय्य केल्याचा शिलालेखी पुरावा आहे. मात्र मांचूंनी जाळलेला मठ आणि निसटलेले भिक्षू ही कथा दक्षिणेतील गुप्त मंडळींनी जपलेली दंतकथा होय. त्यांपैकी 'स्वर्ग-पृथ्वी मंडळी' अठराव्या शतकात फूच्यान प्रांतात निघाली. पोटासाठी घर सोडलेल्या माणसांनी अडीअडचणीत एकमेकांना हात देण्यासाठी बांधलेली ती बिरादरी होती. पुढे त्यांतल्या काही शाखा गुन्हेगारीकडे वळल्या, हेही लपवण्याचे कारण नाही. पण ज्यांच्यासाठी सान ते दार उघडतो, त्याच थरातल्या माणसांनी ती कथा जिवंत ठेवली होती, हे ध्यानात घ्यावे.

दिग्दर्शक स्वतःही याच परंपरेतले. कँटनमध्ये वैद्यकी करणारे प्रसिद्ध मल्ल वोंग फे-हुंग. त्यांचे शिष्य लाम साय-विंग हे धंद्याने खाटीक, आणि त्यांनीच या विद्येची पुस्तके छापून काढली. लाम यांचे शिष्य लाऊ चाम, आणि त्यांचे पुत्र हे दिग्दर्शक. वैद्य, खाटीक, चित्रपटकार! विद्या मठाच्या भिंतीआड कोंडून राहिली असती, तर ती यांच्यापर्यंत कशी आली असती?

कॅम्बेल यांच्या सांगाड्यात वीर एकटाच असतो. इतरांनी त्याच्याकडून वरदान घ्यायचे. येथे परतलेला वीर वरदान वाटत नाही, तो शिकवतो, आणि हा भेद आम्हांला फार मोलाचा वाटतो. वाटलेले दान संपते, आणि देणाऱ्यापुढे हात पसरलेला राहतो. शिकवलेले मात्र दहांचे शंभरांकडे जाते, आणि एके दिवशी वीराची गरजच उरत नाही. आम्ही संघटनेच्या कामात हेच पाहत आलो. ज्या कारखान्यात एकच पुढारी कायदा जाणतो, तेथे तो फुटला की संघटना फुटते. जेथे दहा कामगार स्वतः हजेरीपट व पगारपत्रक वाचू शकतात, तेथे ती टिकते.

तेव्हा कोणत्याही वीराची थोरवी मोजताना त्याने किती शत्रू लोळवले एवढेच मोजू नये. तो परतल्यानंतर किती जण शिकले, हे विचारावे. पस्तीस दालने चढणारे पुष्कळ निघतात. छत्तिसावे बांधणारे थोडे.