दुखत नाही, तर दाखवायचं कशाला?

आमच्या जालन्याकडे हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. बायांच्या तोंडी जरा जास्तच. आपल्या भाषेत तर यासाठी खास वाक्प्रचारच आहे, दुखणं 'अंगावर काढणं'. शाळेत मुलांना मी हा वाक्प्रचार वाक्यात उपयोग करायला द्यायचे, तेव्हा निम्म्या वर्गाच्या वाक्यात 'आई'च असायची!

गंमत बघा. हाच आपला शेतकरी मोसंबीच्या झाडाला डिंक्या लागला की काय, म्हणून बुंधे वाकून वाकून पाहतो. काही झालेलं नसलं तरी बुंध्याला बोर्डो पेस्ट लावतो. बाजारात बैल घेताना जबडा उघडून दात बघतो, चार पावलं चालवून बघतो. म्हणजे रोग दिसायच्या आत बघून घ्यावं, हे शहाणपण आपल्याकडे आहे. ते फक्त स्वतःच्या शरीरापर्यंत येत नाही. असं का झालं असावं, याचा विचार गेले काही दिवस करते आहे. इतिहास हा माझा आवडीचा विषय, त्यामुळे विचार करता करता मागे मागे जात राहिले.

'तपासणी' या शब्दाशी महाराष्ट्राची पहिली मोठी गाठ पडली ती प्लेगात, आणि ती फार वाईट पडली. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेग सुरू झाला. १८९७ च्या फेब्रुवारीत सरकारने साथरोगांचा कायदा केला. रेल्वे स्टेशनांवर उतारूंना थांबवून तपासू लागले. पुण्यात रँडच्या हाताखाली गोरे सोजीर घराघरांत शिरले. माणसं तपासली, बायकाही तपासल्या, सामान बाहेर फेकलं. २२ जून १८९७ च्या रात्री चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, ते आपण सगळेच शिकलो आहोत. पण त्याच पुण्यात त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगाच्या रोग्यांची सेवा करता करता गेल्या, हे त्याच्या शेजारी ठेवून बघावं. एकीकडे दारात बंदूक घेऊन आलेली तपासणी, दुसरीकडे आजाऱ्याला स्वतः उचलून दवाखान्यात नेणारी बाई. लोकांच्या मनात पहिलीची भीती राहिली. दुसरीची आठवण आपण पुतळ्यापुरती ठेवली.

आता एक योगायोग सांगते. मुंबईत प्लेग आला त्याच १८९६ साली इटलीत रिवा-रोची नावाच्या डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजायची रीत काढली. १९०५ मध्ये कोरोत्कॉव्ह या रशियन डॉक्टरांनी त्याला नळी कानाला लावून ऐकण्याची जोड दिली. आज आपल्या दंडाला बांधतात तो पट्टा म्हणजे याच दोघांचं देणं. माणसाला काहीही होत नसताना त्याच्या आत काय चाललंय, ते पहिल्यांदा आकड्यात दिसू लागलं.

दुसरा योगायोग १९४८ चा. आमचा मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. सप्टेंबरात तो मुक्त झाला. त्याच वर्षी अमेरिकेत फ्रेमिंगहॅम नावाच्या गावी ५,२०९ स्त्री-पुरुषांना डॉक्टरांनी दर दोन वर्षांनी तपासायला सुरुवात केली. चांगली हिंडती-फिरती माणसं होती ती. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, विडी-सिगारेट यांचा हृदयविकाराशी काय संबंध आहे, ते या नेमाने केलेल्या नोंदींतून कळलं. 'नेमाने' हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्याकडेही विचार झाला नव्हता असं नाही. नाशिकला जन्मलेले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ साली अहवाल दिला. रोग झाल्यावर औषध देण्याइतकंच रोग होऊ न देण्याला महत्त्व द्या, खेड्यापर्यंत आरोग्य केंद्रं न्या, असा त्याचा गाभा. आजची प्राथमिक आरोग्य केंद्रं त्या कल्पनेतून आली. पण केंद्रात जायचं ते ताप आला, विंचू चावला, बाळंतपण आलं तरच, ही आपली रीत काही बदलली नाही.

ती रीत किती महाग पडते, ते राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीत मोजून दाखवलं. दोन गावांतल्या ६५० बायांची त्यांनी तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. शंभरातल्या ९२ जणींना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता, आणि पूर्वी कधी तपासून घेतलेल्या शंभरात जेमतेम ८! बाकीच्यांनी अंगावर काढलं होतं. कोणी विचारलं नाही, म्हणून त्यांनी सांगितलं नाही.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, तिकडे येते. ही गोष्ट आपल्या मराठवाड्याची आणि शेजारच्या बार्शीची आहे. मला वाटतं, आपल्या पाठ्यपुस्तकात ती असायला हवी होती.

बार्शीला १९८७ साली ग्रामीण भागातली देशातली पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर खेड्यातल्या बायांना किती होतो आणि त्या किती उशिरा येतात, ते त्या वह्यांतून दिसू लागलं. हा कॅन्सर एका विषाणूमुळे होतो. त्याचं नाव एचपीव्ही. पण तो एका रात्रीत होत नाही. विषाणू शिरल्यापासून कॅन्सर होईपर्यंत बहुधा दहा-पंधरा वर्षं किंवा त्याहून जास्त काळ जातो. म्हणजे निसर्गाने आपल्याला दहा-पंधरा वर्षांची सवड दिलेली आहे. या सवडीत काहीही दुखत नाही, हीच खरी अडचण!

१९९९ च्या ऑक्टोबरात उस्मानाबाद जिल्ह्यात (२०२३ पासून धाराशिव) एक प्रचंड काम सुरू झालं. बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून ते केलं. ४९७ गावं, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बाया. त्यांचे चार गट केले. एका गटात विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पॅप चाचणी, तिसऱ्यात पातळ ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलाच घटक, लावून नुसत्या डोळ्यांनी बघणं, आणि चौथ्या गटाला नेहमीचेच उपचार. आयुष्यात फक्त एकदा तपासणी.

२००९ मध्ये निकाल आला. चौथ्या गटात या कॅन्सरने ६४ बाया गेल्या होत्या, विषाणूची चाचणी झालेल्या गटात ३४. एका तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्मे! बाकीच्या दोन गटांत मात्र म्हणावा तसा फरक दिसला नाही. न्यूयॉर्क-लंडनच्या डॉक्टरांनी जो निकाल वाचला, तो आपल्या तुळजापूर-कळंबकडच्या बायांच्या शरीरातून निघालेला होता.

त्या ६४ जणींपाशी मी थांबले. चौथ्या गटात चाचणी दिली नाही, हे योग्य झालं का, यावर पुढे बरीच टीका झाली. ती टीका करणाऱ्यांचं मला पटतं. पण त्या बाया गेल्या, त्यांच्या जाण्यातून जगाला शहाणपण आलं, आणि आपण शेजारी राहून ते वापरायचं नाही, हे तर त्याहून वाईट.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये टाटा मेमोरियलने १९९८ पासून दुसरा प्रयोग केला. दहावी झालेल्या मुलींना महिनाभर शिकवून त्यांच्याकडून तीच व्हिनेगरची साधी तपासणी करवली, दर दोन वर्षांनी, चार वेळा. २०१३ साली कळलं की मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. उस्मानाबादेत एकदा करून जी तपासणी फारशी उपयोगी पडली नव्हती, ती मुंबईत पुन्हा पुन्हा केल्यावर उपयोगी पडली. 'नेमाने' हा शब्द लक्षात ठेवा म्हटलं होतं, तो यासाठी.

आणि आता दुसरं टोक. उस्मानाबादला लागूनच बीड जिल्हा. २०१९ साली तिथल्या ऊसतोड बायांची बातमी सगळीकडे गाजली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. सुमारे ८२ हजार बायांची पाहणी झाली, त्यांतल्या १३ हजारांहून जास्त बायांची गर्भपिशवी काढलेली होती. कित्येकींचं वय चाळिशीच्या आतलं. ही माणसं काही परकी नाहीत. आमच्या अंबड, घनसावंगी, मंठा, परतूरकडूनही दिवाळीच्या सुमारास कोयते निघतातच. मुकादमाची उचल घेतलेली, खाडा झाला तर पैसे कापणार, फडावर ना आडोसा ना पाणी. अंगावरून जातं, पोट दुखतं, म्हणून बाई दवाखान्यात गेली की, 'पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल,' असं कितीतरी जणींना सांगितलं गेलं. कॅन्सर आहे की नाही, होणार आहे की नाही, हे बघायची चाचणी शेजारच्या जिल्ह्यात एक लाखावर बायांवर आजमावून झाली होती. तिची माहिती या बायांपर्यंत कोणी नेली नाही. पोहोचली ती फक्त भीती.

तपासणी नसली की माणसाच्या हाती दोनच गोष्टी उरतात, एक तर अंगावर काढणं, नाहीतर घाबरून कापून टाकणं. मधला रस्ता तपासणीचा आहे.

तो सरकारी कागदावर आलेलाही आहे. २०१६ पासूनच्या सूचनांप्रमाणे ३० ते ६५ वयाच्या बाईची दर पाच वर्षांनी गर्भाशयमुखाची, तसंच स्तनाची आणि तोंडाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात व्हायला हवी. प्रत्यक्षात २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या निघाल्या १.९ टक्के. शंभरात दोघीसुद्धा नाहीत!

शाळेपुरतं सांगायचं तर आमच्या वेळी वर्षातून एखाद्या दिवशी डॉक्टर येत. एक मुलगा फळ्यावरचं सगळं शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घ्यायचा. त्याला दिसत नाही, हे त्यालाच माहीत नव्हतं, कारण सगळ्यांना असंच दिसतं असं त्याला वाटायचं! डॉक्टरांनी तक्ता वाचायला लावला, तेव्हा उमगलं. पुढे २०१३ साली आपल्या पालघरमधूनच देशभरच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली. आता अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात होते. शाळेत गाडी येणार असेल, त्या दिवशी नातवंडांना घरी ठेवू नका.

तेव्हा माझ्या लेकी-सुनांनो, भाच्या-पुतण्यांनो, तुमच्यासाठी थोडक्यात लिहिते. बाळाचं वजन अंगणवाडीत दर महिन्याला. मुलांचे डोळे, दात, कान दरवर्षी. तिशीनंतर रक्तदाब आणि साखर, पुरुषांनीसुद्धा! तंबाखू-गुटखा खाणाऱ्याने तोंड दाखवायचंच, आणि तंबाखूही सोडायची. तिशी उलटलेल्या बाईने गर्भाशयमुखाची तपासणी. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, निदान पस्तिशीच्या आत एकदा आणि पंचेचाळिशीच्या आत एकदा विषाणूची चाचणी व्हावी. माझ्या वयाच्यांनी डोळे, ऐकू येणं आणि रक्तदाब. वर्तमानपत्रातून पडणाऱ्या कागदावरचं साठ चाचण्यांचं स्वस्त पॅकेज मात्र उचलू नका. कुठल्या चाचणीने जीव वाचतो, ते उस्मानाबादसारख्या ठिकाणी वर्षानुवर्षं मोजून ठरतं, जाहिरातीने ठरत नाही.

जालन्यात आता २०२४ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं आहे, तेव्हा 'लांब जावं लागतं' हे कारणही चालणार नाही.

असो. लेख जरा लांबला, शिक्षिकेची सवय जात नाही. तुमच्यापैकी कोणाच्या गावात अशी तपासणी होते, कोणी करून घेतली, ते जरूर कळवा. आणि घरातल्या एकीला तरी या महिन्यात सोबत घेऊन जा. एकटीने जायचं म्हटलं की बाई उद्यावर टाकते. दोघी निघाल्या की जातात.