जखम भरेना, चट्टा जाईना? त्वचेचा तुकडा तपासल्याशिवाय काही आजार कळतच नाहीत

परकराची नाडी जिथे बसते, तिथे कमरेवर काळपट वळ पडलेला असणे आपल्याकडच्या बायकांना नवीन नाही. कधी खाज येते, कधी साल निघते. खोबरेल तेल नाहीतर पावडर लावली की काम पुढे सुरू.

वर्धा आणि बिहारमधील मधुबनी येथील वैद्यकीय महाविद्यालयांच्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन महिलांची माहिती प्रसिद्ध केली. एक ७० वर्षांची. परकर घट्ट बांधायची सवय आणि कमरेच्या उजव्या बाजूला दीड वर्षापासून दुखरी जखम. दुसरी साठी ओलांडलेली. तिने ४० वर्षे रोज लुगडे कमरेला आवळून नेसले होते आणि तिची जखम दोन वर्षे भरत नव्हती. दोघींच्या जखमेचा छोटा तुकडा काढून तपासला, तेव्हा तो त्वचेचा कर्करोग निघाला. दुसरीचा आजार तोपर्यंत जांघेतल्या गाठीत, म्हणजे जिथे अवधाण येते तिथे, पोहोचला होता.

घाबरून जाऊ नका. कमरेवरच्या प्रत्येक वळाचा कर्करोग होत नाही, हा आजार दुर्मीळ आहे. पण तो नवाही नाही. धोतराच्या घट्ट गाठीखाली होणाऱ्या अशाच कर्करोगाची नोंद मुंबईचे पॅथॉलॉजिस्ट डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सहकाऱ्यासह १९४५ मध्येच केली होती. अशा वेळी मलम बदलत बसण्यापेक्षा जखमेचा तुकडा वेळेत तपासणे महत्त्वाचे ठरते. त्या तपासणीची ही सविस्तर माहिती.

तुकडा तपासणी म्हणजे काय?

घराच्या भिंतीला पोपडे आले की आपण वरून चुना मारतो. महिन्याभरात पुन्हा पोपडे. मग गवंडी थोडी भिंत उकरून बघतो की ओल छपरातून येतेय, पायातून येतेय की आतला पाइप फुटलाय. त्वचेचेही तसेच आहे. लाली, चट्टा, फोड, जखम ही वरची खूण झाली. कारण आतल्या थरात असते.

त्वचेचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे याला स्किन बायोप्सी म्हणतात. तुकडा त्वचारोगतज्ज्ञ किंवा सर्जन काढतात आणि तपासणारे डॉक्टर पॅथॉलॉजिस्ट असतात.

खरूज, नायटा, घामोळे अशा नेहमीच्या तक्रारींना याची गरज नसते. नायट्याची शंका असेल तर वरची साल खरवडून पाहिली तरी बुरशी दिसते. आजार नेहमीसारखा दिसत नसेल किंवा बरोबर औषध देऊनही हटत नसेल, तर मात्र तुकडा काढावा लागतो.

वरून सारखे, आतून वेगळे

१) सुजलेला पाय, त्यातून दाणे: शेतात अनवाणी चालताना काटा मोडतो. काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, तिथे न दुखणारी गाठ येते. मग छिद्रे पडतात आणि पाण्याबरोबर काळे, पांढरे किंवा लाल बारीक दाणे बाहेर येतात. हा ‘मदुरा फूट’ किंवा मायसेटोमा. तामिळनाडूतल्या मदुराईवरून हे नाव पडले, पण त्याचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरचे नाते आपल्या मातीशी आहे. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांनी ‘ग्रेज ॲनाटॉमी’ या जगप्रसिद्ध पुस्तकाची चित्रे काढली, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवले आणि पुढे साताऱ्यात सिव्हिल सर्जन म्हणून काम केले. मायसेटोमावरचे त्यांचे पुस्तक १८७४ चे आहे.

हा आजार दोन प्रकारचा असतो. एक बुरशीमुळे होतो, दुसरा जिवाणूंमुळे. पाय दोन्हीत सारखाच सुजतो, औषध मात्र पूर्ण वेगळे. जिवाणूंच्या प्रकारात अँटिबायोटिकचा चांगला उपयोग होतो. बुरशीच्या प्रकारात बुरशीनाशक औषध खूप काळ घ्यावे लागते आणि अनेकदा शस्त्रक्रियाही लागते. दाणा कशाचा आहे, हे तुकडा आणि कल्चर तपासल्यावर कळते. नेमके निदान न होता वर्षे गेली तर आजार हाडात शिरतो आणि पाय गमावण्याची वेळ येऊ शकते.

२) अंगावर फोड, तोंडात जखमा: तोंडातल्या जखमा महिनोन्महिने जात नाहीत, जेवताना आग होते. पुढे अंगावर फोड येतात आणि लगेच फुटतात. लोक ‘उष्णता झाली’ म्हणतात. पण हा पेम्फिगस असू शकतो. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच त्वचेवर उलटते आणि वरच्या थरातल्या पेशी एकमेकींपासून सुटतात. उतारवयात दिसणाऱ्या पेम्फिगॉइड नावाच्या आजारात वरचा थर खालच्या थरापासून अख्खा सुटतो, म्हणून फोड टणक असतात. फोड नेमका कोणत्या थरात आहे, हे तुकड्यात स्पष्ट दिसते. पेम्फिगस उपचाराविना जिवावर बेतू शकतो. हा संसर्गजन्य नाही, त्यामुळे घरच्यांनी भांडी वेगळी ठेवण्याची गरज नाही.

३) बधिर चट्टा: फिकट किंवा लालसर चट्टा, त्यावर स्पर्श किंवा गरम-गार कळत नाही. अशी लक्षणे कुष्ठरोगात दिसतात. बहुतेक वेळा डॉक्टर नुसत्या तपासणीवरून निदान करतात. शंका राहिली तर तुकडा घेतात. त्यात नसांभोवतीची सूज दिसते आणि खास रंग दिल्यावर कुष्ठरोगाचे जंतू लाल काड्यांसारखे दिसतात. हे जंतू प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवता येत नाहीत, म्हणून शंकेच्या वेळी तुकड्याला महत्त्व. त्वचेचा क्षयरोगही कधी कधी असाच चट्टा होऊन दिसतो, पण त्याची औषधे वेगळी आहेत. दोन्ही आजारांची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

४) वर्षानुवर्षांचा ‘इसब’: काहींना झाकल्या भागावर, म्हणजे मांडी, नितंब, पोट इथे खाजरे चट्टे येतात आणि इसब म्हणून वर्षे जातात. क्वचित तो मायकोसिस फंगॉइडिस निघतो. नावात फंगस असले तरी ही बुरशी नाही, पांढऱ्या पेशींचा कर्करोग आहे. तो सहसा हळूहळू वाढतो. सुरुवातीला तुकड्यातही तो इसबासारखाच दिसतो. म्हणून डॉक्टर काही महिन्यांनी पुन्हा तुकडा मागतात. ‘एकदा काढला होता ना!’ म्हणून नकार देऊ नका.

तुकडा कसा काढतात?

जागा बधिर करण्यासाठी सुई टोचतात. त्या वेळी काही सेकंद आग होते. मग पेनासारख्या, गोल धारेच्या ‘पंच’ने साधारण ३ ते ४ मिलिमीटरचा, म्हणजे तुरीच्या डाळीपेक्षाही लहान तुकडा काढतात. आजार खोल असेल तर सुरीने थोडा मोठा घेतात. एखाद-दुसरा टाका पडतो. काम काही मिनिटांचे असते आणि बहुतेक पेशंट त्याच दिवशी घरी जातात. चेहऱ्यावरचा टाका ५ ते ७ दिवसांत, पायावरचा १० ते १४ दिवसांत काढतात. लहानसा व्रण राहतो.

कधी दोन तुकडे घेतात. फोडांच्या आजारात एक तुकडा ताज्या फोडाचा असतो आणि दुसरा फोडाशेजारच्या चांगल्या त्वचेचा. त्या दुसऱ्या तुकड्यावर इम्युनोफ्लुरोसन्स नावाची वेगळी तपासणी होते.

डबी तुमच्या हातात दिली तर

अनेक ठिकाणी तुकड्याची डबी नातेवाइकांनाच लॅबला न्यावी लागते. इथे चूक झाली तर सगळी मेहनत वाया जाते.

- डबीतले पाणी फेकू नका, त्यात साधे पाणी घालू नका. ते फॉर्मेलिन असते, त्यामुळे तुकडा कुजत नाही. ते विषारी आहे, मुलांच्या हाती लागू देऊ नका.
- डबीवर पेशंटचे नाव, तारीख आणि तुकड्याची जागा लिहिली आहे का, ते पाहा.
- दोन डब्या असतील तर अदलाबदल करू नका. कल्चर आणि इम्युनोफ्लुरोसन्सचा तुकडा फॉर्मेलिनमध्ये चालत नाही.
- डबी फ्रीजरमध्ये ठेवू नका. डॉक्टरांनी दिलेला कागद सोबत न्या.

लॅबमध्ये पुढे काय होते?

तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवतात आणि मशीनवर त्याचे ३ ते ५ मायक्रॉन जाडीचे काप करतात. एका मिलिमीटरमध्ये हजार मायक्रॉन असतात, यावरून काप किती पातळ ते समजेल. काचेवर ठेवून त्याला रंग देतात. पेशींची केंद्रे निळी-जांभळी आणि बाकीचा भाग गुलाबी दिसतो. जंतू किंवा बुरशीसाठी वेगळे रंग वापरतात. साधा रिपोर्ट यायला साधारण आठवडा लागतो, खास तपासण्यांना जास्त.

मेणाचा ठोकळा, म्हणजे ‘ब्लॉक’, लॅब जपून ठेवते. दुसऱ्या डॉक्टरांचे मत हवे असेल तर ब्लॉक आणि स्लाइड मागता येतात. पुष्कळदा नव्याने तुकडा काढावा लागत नाही.

रिपोर्टमधले शब्द

- ग्रॅन्युलोमा: पेशींचा विशिष्ट पुंजका. क्षयरोग, कुष्ठरोग, बुरशी अशा आजारांत दिसतो. हा कर्करोग नाही.
- नॉन-स्पेसिफिक: ठोस आजार ठरवता आला नाही. याचा अर्थ ‘काहीच नाही’ असा होत नाही.
- क्लिनिकल कोरिलेशन: पेशंटची लक्षणे आणि रिपोर्ट जुळवून पाहा, अशी डॉक्टरांना सूचना.
- मॅलिग्नंट, कार्सिनोमा: कर्करोग. त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा.

रिपोर्ट फोनवर शोधून स्वतः अर्थ लावू नका. ज्यांनी तुकडा काढला त्यांनाच दाखवा.

‘तुकडा काढला की रोग पसरतो’ हे खरे का?

नाही. बायोप्सीमुळे त्वचेचा कर्करोग पसरतो, ही समजूत चुकीची आहे. होते असे की, लोक शेवटी-शेवटी येतात. तुकडा काढेपर्यंत आजार आधीच पुढे गेलेला असतो आणि दोष तुकड्यावर येतो. नुकसान होते ते उशीर केल्याने.

कधी थांबू नये?

- महिना उलटूनही न भरणारी जखम
- भाजल्याच्या जुन्या व्रणावर नवी जखम किंवा गाठ
- तळपायावर किंवा नखाखाली वाढत जाणारा, रंग बदलणारा काळा डाग
- बधिर चट्टा
- तोंडात आणि अंगावर वारंवार येणारे फोड
- पाय सुजून छिद्रांतून दाणे येणे
- उपचार घेऊनही महिनोन्महिने न हटणारे चट्टे

जाण्याआधी एवढे करा

मेडिकलमधून आणलेली ट्यूब बंद करायची की नाही, हे डॉक्टरांना विचारा आणि ती ट्यूब सोबत न्या. अनेक मलमांत स्टिरॉइड असते. त्याने लाली दबते, आजार मात्र तसाच राहतो आणि तुकड्यातली खूणही पुसट होऊ शकते. बिब्बा, रुईचा चीक, चुना लावू नका. त्याने त्वचा भाजते आणि मूळ आजार झाकला जातो.

रक्त पातळ करणारी गोळी, मधुमेह, औषधाची ॲलर्जी हे आधी सांगा. गोळी स्वतःहून बंद करू नका. फोड किंवा चट्टा ताजा असताना दिवसाच्या उजेडात मोबाइलवर फोटो काढून ठेवा. तुम्ही दवाखान्यात पोहोचेपर्यंत तो बदललेला असू शकतो.

सुरुवात गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करा. तिथून चिठ्ठी घेऊन जिल्हा रुग्णालयाच्या किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात जाता येते.

आणि घरातल्या आई, आजी, मावशीला एकदा विचारा, ‘कमरेवर नाडीच्या जागी काही जखम तर नाही ना?’ बायका लाजेने दाखवत नाहीत. नाडी थोडी सैल बांधा, बांधायची जागा बदलत राहा. आणि जखम असेलच, तर पुढच्या बाजारच्या दिवशी तालुक्याला जाताना दवाखान्याची चक्करही मारा.

(ही माहिती जनजागृतीसाठी आहे. उपचार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.)