ग्लू गन ‘जास्त गरम’ का होत नाही, आणि तिच्यात खरंच काय सुधारता येतं?

वसमतला माझी वहिनी ऑर्डरवर रुखवत आणि महालक्ष्म्यांची सजावट करते. गेल्या मे महिन्यात तिने केलेलं एक रुखवत जीपने नांदेडला पोहोचेपर्यंत तीन ठिकाणी सुटलं. पैसे परत द्यावे लागले. मी पुण्याहून घरी गेलो तेव्हा तिने ग्लू गन माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, “भावजी, एवढे कॉम्प्युटर चालवता, हिला जरा जास्त गरम करून द्या की.”

सॉफ्टवेअरवाल्याला घरात मिक्सरपासून मोटारीपर्यंत सगळंच दुरुस्त करता येतं असा समज असतो, त्याला इलाज नाही. पण हा प्रश्न चांगला होता. इंटरनेटवर ग्लू गनचा हीटर बदला, रेग्युलेटर लावा, जास्त वॅटचं काहीतरी बसवा असे बरेच व्हिडिओ आहेत. त्यातले निम्मे जुगाड काहीच करत नाहीत आणि काही सरळ शॉक देऊ शकतात. म्हणून आधी ही गन आतून कशी चालते ते बघूया.

आत कॉइल नसते

इस्त्रीत किंवा गिझरमध्ये तारेचं एलिमेंट असतं. ग्लू गनमध्ये बहुतेक वेळा पीटीसी हीटर असतो. ही बेरियम टायटनेट नावाच्या पदार्थापासून बनवलेली सिरॅमिकची छोटी वडी. तिच्या दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या, त्यांना वायरी, आणि या सगळ्यावर पिवळसर, पातळ पण उष्णता सहन करणारी इन्सुलेशनची फिल्म गुंडाळलेली. हे पाकीट ॲल्युमिनियमच्या नळीखालच्या खाचेत सरकवलेलं असतं. नळीतून कांडी पुढे जाते आणि वितळते.

या वडीची गंमत अशी की एका ठरावीक तापमानाच्या वर गेली की तिचा विद्युत रोध एकदम प्रचंड वाढतो. रोध वाढला की करंट कमी, करंट कमी झाला की उष्णता कमी. म्हणजे थर्मोस्टॅट वेगळा लागतच नाही, वडी स्वतःच स्वतःला आवरते. ते तापमान वडी बनवताना त्यात काय मिसळलं यावर ठरतं, तुमच्या घरच्या व्होल्टेजवर फारसं नाही.

म्हणून फॅनचा रेग्युलेटर जोडून गन ‘लो’ करण्याचा जुगाड जवळपास निरुपयोगी आहे. व्होल्टेज थोडं कमी केलं तर वडी थोडा जास्त करंट घेते आणि पुन्हा त्याच तापमानाला जाऊन बसते. स्टॅबिलायझरने व्होल्टेज वाढवून गन जास्त तापवण्याचंही तसंच.

मी वहिनीची २० वॅटची गन वॉटमीटरवर लावून बघितली. सुरुवातीला आकडा २० च्या आसपास होता, सहा-सात मिनिटांनी ७-८ वर आला. पण नोझलमधून येणारा गोंद अजून घट्टच होता! वडीला वाटत होतं आपण पुरेसे तापलो, आणि नळी मात्र थंड. खरा दोष इथे होता.

मग व्होल्टेजचा काहीच परिणाम नाही का?

आहे, पण वेगळ्या ठिकाणी. गन नुसती ठेवलेली असताना वडीला फार कमी वीज लागते. तुम्ही भराभर ट्रिगर दाबता तेव्हा थंड कांडी आत येऊन उष्णता ओढून घेते. त्या वेळी वडीला पूर्ण ताकद लावावी लागते, आणि ती ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. आमच्याकडे संध्याकाळी लाईट डाऊन होते. त्या दिवशी मल्टिमीटरवर १७८ व्होल्ट दिसले. २३० च्या तुलनेत हिशोब केला तर ताकद साठ टक्केच उरते. वहिनीचं काम नेमकं संध्याकाळी स्वयंपाक आटोपल्यावर सुरू होतं.

आणखी एक हिशोब करू. २० सेंटिमीटर लांबीची ७ मिलिमीटरची कांडी साधारण ७ ग्रॅमची. ती खोलीच्या तापमानापासून १७० अंशांपर्यंत न्यायला अंदाजे अडीच हजार ज्यूल लागतात. २० वॅटपैकी १५ वॅट जरी कांडीत गेले, तरी एका कांडीला पावणेतीन-तीन मिनिटं लागणारच. त्याहून घाईत दाबलं तर गोंद बाहेर येतो, पण अर्धवट तापलेला. असा गोंद पुठ्ठ्याच्या किंवा कापडाच्या धाग्यांत मुरत नाही, वरच्या वर गोळा होऊन बसतो. हाताला चिकटलेला वाटतो आणि धक्का बसला की अख्खा निघून येतो. वहिनीचं रुखवत असंच सुटलं होतं. त्यात मे महिन्यातली बंद जीप. या कांड्या ईव्हीए प्लास्टिकच्या असतात आणि ६० अंशांच्या आसपास नरम पडू लागतात. २०१८ च्या थर्माकोल बंदीनंतर सजावटवाले पुठ्ठ्याकडे वळले, आणि पुठ्ठ्याला गोंद जास्त लागतो. म्हणजे गन तीच आणि मागणी वाढलेली.

काय बदललं

मुख्य काम वडी आणि नळी यांच्यातला संपर्क सुधारण्याचं. स्वस्त गनमध्ये खाच सैल असते, मध्ये हवेची फट राहते, आणि हवा उष्णता नीट पुढे जाऊ देत नाही. प्लग काढून अर्धा तास थंड झाल्यावर स्क्रू उघडले, पाकीट हळूच बाहेर सरकवलं आणि फिल्मच्या बाहेरून पांढऱ्या थर्मल पेस्टचा पातळ थर लावला. कॉम्प्युटरच्या प्रोसेसरला लावतात तीच, पण धातूची पूड नसलेली आणि २०० अंशांपर्यंत चालणारी बघून घेतली. पाकीट परत घट्ट बसवलं. पूर्वी गोंद नीट वाहायला आठ मिनिटं लागायची, आता पाचच्या आत वाहतो. खरं म्हणजे वडी तीच आणि तापमानही तेच, फक्त उष्णता आता नळीपर्यंत पोहोचते.

काही जण फटीत ॲल्युमिनियम फॉइल कोंबतात. ते करू नका. फॉइलचं एक टोक जरी वायरीच्या टोकाला लागलं तर नळी आणि नोझल दोन्हींत करंट उतरतो. या गनला दोन पिनांचा प्लग असतो, अर्थिंग नसतं. फॉल्ट झाला तरी काही कळत नाही, कुणाचा तरी हात लागेपर्यंत.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. पहिली गन उघडताना मी पाकीट स्क्रूड्रायव्हरने उचकटलं आणि फिल्मला बारीक चीर गेली. डोळ्यांना दिसलीही नाही. बंद करून मल्टिमीटरचं एक टोक नोझलला आणि दुसरं प्लगच्या पिनेला लावलं तर सरळ बीप वाजला. ती गन फेकली, वर सांगितलेलं काम दुसऱ्या गनवर केलं. तेव्हा उघडलेली कुठलीही गन प्लगमध्ये लावण्याआधी दोन्ही पिना आणि नोझल यांच्यात मीटरच्या सगळ्यात वरच्या रेंजवर काहीच रीडिंग येत नाही याची खात्री करा. घरात आरसीसीबी असेल तर त्याच लाईनवर गन वापरा.

दुसरा बदल वायरीचा. सोबत येणारी वायर आखूड आणि ताठ असते, गन खाली ठेवली की उलटते. इस्त्रीची कापडी वेष्टनाची वायर बसवली, आत गाठ मारून, म्हणजे ओढली तरी जोडावर ताण येत नाही. मध्ये स्विच टाकायचा तर दोन्ही तारा तोडणारा घ्यावा, कारण दोन पिनांचा प्लग कसाही उलटा लागतो.

नळीला उष्णतारोधक पट्टी गुंडाळायचा मोह मलाही झाला. गुंडाळली, आणि दुसऱ्या दिवशी कांडी अडकली. नळीची मागची बाजू थोडी थंड राहावी लागते. तीही तापली तर कांडी आत शिरण्याआधीच मऊ होते आणि ट्रिगर दाबला की वाकते. पट्टी पुढच्या अर्ध्या भागापुरतीच ठेवली तर चालतं, पण फायदा इतका थोडा की पंख्याखाली काम करणाऱ्यानेच ती भानगड करावी.

गोंद टपकणं थांबवण्यासाठी कांडी मागे ओढण्याची सवय अनेकांना असते. त्याने वितळलेला गोंद मागे येतो, गार होतो आणि गन कायमची जाम होते. नळीपेक्षा बारीक कांडी घातली तरी हेच. वहिनीच्या जुन्या पाकिटातल्या कांड्या बोटाने चाचपल्या तरी बारीक लागत होत्या. त्या बदलल्यावर टपकणं बरंच कमी झालं.

२० ची ६० करता येते का?

मोठी वडी छोट्या नळीच्या खाचेत बसत नाही, बसवली तरी प्लास्टिकचा सांगाडा तेवढ्या उष्णतेसाठी बनवलेला नसतो. ११ मिलिमीटर कांडीची ६० वॅटची गन मिनिटाला जवळपास तिप्पट गोंद देते. पुठ्ठ्याचा सांगाडा उभा करायचा तर ती विकतच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. लाईट गेली तर दोन्ही गन घरच्या इन्व्हर्टरवर चालतात.

आता वहिनीकडे दोन गन आहेत. पाट, मखर, खांब मोठ्या गनने. मोती, लेस आणि बाहुल्यांचे दागिने दुरुस्त केलेल्या छोट्या गनने, कारण तिचं टोक बारीक आहे. चिकटवताना ती आता जोड वीस सेकंद दाबून धरते, आणि फरशीवर ठेवून काम करत नाही, फरशी गोंद लगेच गार करते. उन्हाळ्यात लांब जाणाऱ्या ऑर्डरला मुख्य जोड फेव्हिकॉलचे, ग्लू गन फक्त ते वाळेपर्यंत धरून ठेवायला. महालक्ष्म्यांच्या ऑर्डरी यंदा सात होत्या, एकही परत आली नाही.