आगकाड्या चालविणारे हात

दादासाहेब फाळके म्हटले की आपणांस 'राजा हरिश्चंद्र' आठवतो. ३ मे १९१३ रोजी तो मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लागला, हे शाळकरी मुलेही सांगतील. परंतु निर्जीव वस्तू पडद्यावर चालविण्याची कलाही या देशात त्यांनीच प्रथम आणली, याची आठवण आम्ही फारशी ठेविलेली नाही.

पहिला प्रयोग वाटाण्याच्या दाण्यावर झाला. दाणा कुंडीत पेरावयाचा, कॅमेरा जागचा हलवावयाचा नाही आणि रोज थोडेथोडे चित्रण करावयाचे. म्हणजे कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर घटकेत उलगडते. ही 'अंकुराची वाढ' पाहूनच 'हरिश्चंद्रा'साठी भांडवल देणारा पुढे आला.

पुढे महायुद्ध पेटले. कच्ची फिल्म दुर्मिळ झाली, सावकारांनी हात आखडले. अशा काळात, १९१५ साली, दादासाहेबांनी आगपेटी उघडली आणि 'आगकाड्यांची मौज' केली. नट नको, पोशाख नको. काडी किंचित सरकवावयाची, एक चित्र घ्यावयाचे, पुन्हा सरकवावयाची. मूकपटाची चाल सेकंदाला १६ चित्रे धरली, तर एका मिनिटाला ९६० चित्रे लागतात. भांडवल काडीचे, श्रम मात्र डोंगराएवढे!

हे श्रम एकट्याचे नव्हते. सरस्वतीबाईंनी 'हरिश्चंद्रा'साठी अंगावरचे दागिने दिले. फिल्मच्या कडांना भोके पाडणे, रसायने कालविणे ही कामे त्या शिकल्या, आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही त्यांनीच सांभाळला. चित्रपटात काम करणे तेव्हा कमीपणाचे. म्हणून कोणी विचारल्यास 'हरिश्चंद्राच्या कारखान्यात आहोत' असे सांगा, अशी दादासाहेबांची माणसांना ताकीद असे म्हणतात. सबब म्हणून सांगितलेली ही गोष्ट अक्षरशः खरी होती. तो कारखानाच होता.

आमच्या खामगाव-मलकापूरकडे कापसाच्या गाठीवर व्यापाऱ्याची खूण असते, गाठ बांधणाऱ्याची नसते. पडद्याचेही तसेच झाले.

दादासाहेब १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला वारले. अखेरची वर्षे उपेक्षेत गेली. १९६९ पासून त्यांच्या नावाने राष्ट्रीय पुरस्कार दिला जातो, हे योग्यच झाले. आमची मागणी लहान आहे. दादासाहेबांचे नाव घ्याल तेव्हा सरस्वतीबाईंचेही घ्या, आणि ज्यांची नावे कोणी लिहून ठेविली नाहीत, त्या हातांसाठी क्षणभर थांबा.